नमुना पाठवू नका, मी येतो

मन्मथ,

तुझं नाव अजून माझ्या फोनवर उमटतं, आणि उमटलं की माझे हात गार पडतात.

पहिल्यांदा असं झालं त्या मंगळवारी, सकाळी सव्वादहाला. मी लातूरच्या आपल्या कारखान्यात आलेला पत्रा मोजून घेत होतो. तू आदल्या दिवशी नायगावच्या एका दालमिलमध्ये डाळ चाळायच्या जाळीचं माप घ्यायला गेला होतास आणि मुक्कामाला नांदेडला, शैलाच्या घरी थांबला होतास. पडद्यावर तुझं नाव आलं तेव्हा मला वाटलं, ऑर्डर मिळाली. फोन उचलून मी नेहमीसारखं म्हणालो, "बोल, किती नग?" पलीकडे शैला होती, तुझी लेक. "काका, अप्पा गेले," ती म्हणाली. तिला हाताशी तुझाच फोन सापडला होता. माझं ते 'किती नग' तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

दुसऱ्यांदा झालं ते तुला औशाच्या शेतात मातीत ठेवून आल्यानंतर नवव्या दिवशी. मी जेवत होतो. फोन वाजला नाही, नुसता थरथरला. त्या साईटचा निरोप होता, जिथं नोकरी-धंद्यातली माणसं एकमेकांना शोधतात आणि जिथं तू हट्टानं माझंही खातं उघडून दिलं होतंस. 'मन्मथ यांना या व्यवसायात बावीस वर्षं पूर्ण झाली. त्यांचं अभिनंदन करा.' खाली तुझा फोटो. चौदा जणांनी अभिनंदन करून टाकलं होतं. त्यातले दोघे तुझ्या मातीला आले होते. बटण दाबलं असणार, नाव वाचलं नसणार. मी ताट सारलं. आमच्या हिनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, तिखट लागलं.

त्या फोटोखालीच आपली जाहिरात होती. ती चालूच आहे हे मला तेव्हा आठवलं. तीन महिन्यांची होती, दुसरा महिना संपता संपता तू गेलास, आणि तिला ते कळायचं कारण नव्हतं. तू पत्र्याला भोकं पाडायच्या प्रेसजवळ उभा, हातात नवी कोरी जाळी तोंडासमोर धरलेली, भोकांतून अर्धा चेहरा दिसतोय आणि तू हसतोयस. मापासाठी जुन्या जाळीचा नमुना धाडायची पद्धत, म्हणून वर लिहिलंय : 'नमुना पाठवू नका, मी येतो.'

हे वाक्य रोज तीन राज्यांतल्या अनोळखी माणसांपुढे जात होतं. तू येतोस म्हणून सांगत होतं. मला खरंच भीती वाटली, मन्मथ. भुताची नव्हे. कुणीतरी 'या' म्हणेल, याची.

*

हा वाद आपण पुरा केला नाही, म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून मांडतो. तू मध्ये बोलू शकत नाहीस, त्यामुळे तुझी बाजू मी जमेल तितकी प्रामाणिकपणे मांडीन.

दिवाळीनंतरची गोष्ट. कारखान्यात चहा आला होता. तू कप घेऊन माझ्या टेबलावर बसलास, खुर्ची असताना. आपण निम्मे-निम्मे भागीदार, पण हिशोब मी ठेवतो म्हणून तू मला मुनीम म्हणायचास.

"मुनीम, आपुन जाहिरात करू."

"कुठं? पेपरात?"

"न्हाई बे. त्या साईटवर. जिथं लोक कोट घालून फोटो टाकतेत."

"आपल्या मिलचे मिस्तरी तिथं आहेत का?"

"मिस्तरी न्हाईत. मालकाची पोरं हायत. पुण्याहून शिकून आलेली. ती काय आता तुझी-माझी वाट बघत न्हाईत. जाळी पायजे म्हटलं की फोनात बघायलीत."

"बघतील आणि आपल्याकडून घेतील?"

"तू पोरगी बघायला गेलतास तवा पैलीच केलीस का? आदी बघावं तर लागतंय."

मी हिशोब काढला. महिना पंधरा हजार, तीन महिने. तेवढ्या पैशात तू आपल्या एकतीस मिलना दोनदा जाऊन येतोस, चहासकट. शिवाय जाळी ही काही घाऊक विकायची वस्तू नाही. एका मिलला वर्षाकाठी दोन-तीन वेळा लागते, आणि ती कुणाची घ्यायची हे मालक ठरवत नाही, मालकाचा पोरगा तर नाहीच. मिलचा मिस्तरी ठरवतो. तो त्या साईटवर नाही. त्याच्याकडे फोन आहे, पण त्यावर तो भजनं ऐकतो. मोठ्या कंपन्यांना तिथली जाहिरात परवडते, कारण त्यांना शंभरातून एक मिळाला तरी तो एक मोठा असतो. आपला एक म्हणजे तीन जाळ्या.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "दोनदा जाऊन येतो, हे खरं हाय. पण जाणारा एकच हाय ना."

मला ती फुशारकी वाटली. मी म्हणालो, "बरं बाबा, तूच थोर." तू हसलास, पण उत्तर दिलं नाहीस. तू उत्तर न देणं ही गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती.

शेवटी ठरलं ते माझ्या अटींवर. तीन महिने, त्याच्या वर एक रुपया नाही. आणि जाहिरात बघून जो कुणी येईल त्याची वहीत नोंद : नाव, गाव, काय हवं, निकाल काय. तू म्हणालास, "लिही. तुला लिहिल्याबिगर झोप येत न्हाई."

*

आता येळवशीबद्दल. हे मी इतरांनाही कळेल असं लिहितो, कारण बाहेरच्याला सांगितलं तर हसतो.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आपल्याकडे माणूस गावात राहत नाही. लातूर, औसा, चाकूर, सगळं शेतात. ज्याला शेत नाही त्याला दुसरा ओढून नेतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पूजा करायची, भाज्या आणि ओले दाणे शिजवलेली भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे खायचे आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच लोळायचं. गावातल्या रस्त्यावर कुत्रं दिसत नाही.

यंदा येळवस सोमवारी आली. तू महादेवाचा भक्त. म्हणालास, "सोमवार बी हाय, येळवस बी हाय. याच्यापरास चांगला दिवस कोणता? जाहिरात त्याच दिवशी चालू करू." मी वहीचं पहिलं पान उघडलं, रेघा मारल्या, तारीख घातली. बावीस वर्षं आकड्यांत घालवलेला माणूस मी. एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, की येळवस आपली आहे; जाहिरात ज्यांना दिसणार त्यांची नाही. बावीस वर्षांत त्या दिवशी आपल्याला एकही धंद्याचा फोन आला नव्हता, कारण आपली सगळी गिऱ्हाइकंही आपापल्या कोपीत बसून आंबील पीत होती.

औशाच्या तुझ्या शेतात आपण दोन्ही घरं मिळून अकरा माणसं होतो. फोन गाडीत, वहिनींच्या पिशवीत. तू मला तिसऱ्यांदा भज्जी वाढलीस आणि म्हणालास, "खा. मोजू नको." संध्याकाळी निघताना पिशवीतून फोन काढला, तर इंदूरच्या एका नंबरवरून तीन फोन येऊन गेलेले. अकराला, साडेअकराला आणि एकला, शिवाय तूरडाळीच्या चौदा जाळ्या हव्यात असा निरोप.

तू तिथंच बांधावर उभा राहून उलटा फोन लावलास. दालमिलचे मालक होते. तुझ्या कानाला लावलेल्या फोनातून मलाही ऐकू आलं : "भाईसाहब, बंद करके बैठना था तो बुलाया क्यों?" आणि फोन ठेवला त्यांनी.

औशापासून लातूरपर्यंत आपण भांडलो. मी म्हणालो, पहिल्याच दिवशी पैसे मातीत. तू म्हणालास, पहिल्याच दिवशी इंदूरचा माणूस तीन वेळा फोन करतो, हे मातीत कसं? मी म्हणालो, फोन आला आणि कुणी उचलला नाही, म्हणजे फोन आला नाही. तू म्हणालास, "तुझं हे लई वाईट हाय मुनीम. हुकलेलं मोजतोस, आलेलं मोजत न्हाईस." मी म्हणालो, आलेलं काहीच नाही. गाडी दोनदा खड्ड्यात आपटली. तुझा हात छातीवर गेलेला मी पाहिला. तू म्हणालास, भज्जी जास्त झाली.

घरी येऊन मी वहीत पहिली नोंद केली. नाव : इंदूरचे मिलवाले. हवं : तूरडाळीच्या जाळ्या, चौदा. निकाल : हुकलं, येळवस.

*

पुढच्या दोन महिन्यांत वहीत आणखी बावीस नोंदी झाल्या. तू असताना मी त्या तुला वाचून दाखवत असे आणि माझ्या आवाजात जरा समाधान असे, हे मान्य करतो. सोळा जणांना नोकरी हवी होती. त्यांतला एक चाकूरचा. आपल्या कारखान्यात चालत येऊन विचारता आलं असतं, पण त्यानं साईटवरून तीन पानांची माहिती पाठवली. पाच जणांना आपल्यालाच काहीतरी विकायचं होतं. त्यांतले दोघे जाहिराती विकणारे. एक कॉलेजची मुलगी, तिला प्रकल्पासाठी जाळीचा फोटो हवा होता. तो तू पाठवलास, चारी बाजूंनी काढून.

"सोळा पोरं आली," तू म्हणालास. "दालमिल न्हाई मिळाली तर वधू-वर सूचक काढू."

मी म्हणायचो, बघ, आकडे काय सांगतात. तिथं माणसं जाळी घ्यायला येत नाहीत, नोकरी बघायला येतात. तू म्हणायचास, तीन महिने म्हणजे तीन महिने, शब्द तुझाच हाय.

मग तू गेलास, आणि मी दुसरे आकडे मोजायला लागलो.

तुझ्यामागे अठ्ठावीस दिवसांत सांत्वनाचे फोन आले एकोणीस. ऑर्डरी आल्या दोन, आणि त्याही तू जिवंत असताना बोलून ठेवलेल्या. एकतीस मिलपैकी मी आत पाऊल टाकलेल्या मिल तीन. मिस्तरींपैकी मला चेहऱ्यानं ओळखणारा एक, तोही माझ्या मेव्हण्याचा शेजारी म्हणून. कारखान्यात माणसं नऊ. मी त्यांच्याकडे बघायचं टाळतो, कारण तेही मनात मोजतायत हे मला दिसतं. गफूरभाई, जे प्रेस चालवतात आणि आपल्या पहिल्या दिवसापासून आपल्याबरोबर आहेत, त्यांनी परवा विचारलं, "साब, नांदेडकडं आता कोन जाता?" मी म्हणालो, बघू. ते म्हणाले, "हौ." आणि मशीन पुसायला लागले. मशीन सकाळीच पुसलेलं होतं.

फळीवर तुझे ठसे आहेत. दोनशेच्या वर असतील. जुन्या जाळीवर कागद पसरायचा, वरून कोळसा घासायचा, भोकांची नक्षी कागदावर उतरते. मी तुला कितीदा सांगितलं, व्हर्निअर घेऊन जा, मिलीमीटर लिहून आण, हा काय पोरखेळ. तू म्हणायचास, "व्हर्निअरला भोक कळतंय, मिस्तरी कळत न्हाई." कागद घासायला पाऊण तास लागतो. तेवढ्यात मिस्तरी बसतो, चहा येतो, आणि ह्या जाळीवर डाळ कुठं फुटते, कुठं अडकते, ते सगळं तो सांगतो. ते तू कागदाच्या कोपऱ्यात लिहायचास. मी आता ते कोपरे वाचले. 'डावीकडून दुसरी ओळ रुंद ठेवा.' 'मालकाशी बोलू नका, मिस्तरी रागावतो.' 'पोरीचं लग्न मे महिन्यात, जाणे.' मला वाटत होतं, तू माणसं डोक्यात ठेवतोस. तू तर लिहून ठेवत होतास. माझ्यापेक्षा नीट.

पण कागद वाचून मिस्तरी बोलायला लागत नाही. ही भीती मला सकाळी कारखान्याचं शटर वर करताना वाटते.

*

जाहिरात बंद करायची तर तुझ्या खात्यात जावं लागणार होतं. मी नांदेडला शैलाकडे गेलो. महानंदावहिनी तिथंच होत्या. तुझी पिशवी खुंटीला तशीच होती. आत नायगावचा शेवटचा ठसा गुंडाळलेला, कोळशाचा तुकडा, आणि गोळ्यांची एक पट्टी.

मी पट्टीकडे बघितलं. वहिनींनी ते पाहिलं.

"दिवाळीच्या आदीच डॉक्टर म्हणले होते, फिरणं कमी करा," त्या म्हणाल्या. "मला शपथ घातली. भाऊजींना सांगू नको म्हणले. म्हणले, तो लगेच आकडे काढत बसंल."

खरंच मी आकडे काढत बसलो असतो.

परतताना बसमध्ये बसून मी तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. डॉक्टर, दिवाळीच्या आधी. जाहिरातीची गोष्ट, दिवाळीनंतर. 'जाणारा एकच हाय ना.' तू मिलच्या दारात न जाता मिल आपल्या दारात यावी, अशी काहीतरी सोय बघत होतास का? माझ्यासाठी? की तुला नुसता नवा मुलूख बघायचा होता, जसं तू म्हणायचास? मला माहीत नाही. दोन तारखा जवळ आल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, हे मीच तुला शिकवायचो. पण तू घाबरला होतास आणि टेबलावर बसून चहा पीत विनोद करत होतास, एवढं मात्र खरं. मी समोर होतो आणि मला दिसलं नाही.

नांदेडहून निघण्याआधी तुझा फोन शैलानं उघडून दिला होता. जाहिरातीच्या खात्यात गेलो. तुझ्यामागे आणखी सात जणांनी लिहिलं होतं, सगळे नोकरीवाले. आणि त्यांच्या खाली एक लांबलचक बोलणं होतं, जे वहीत नव्हतं.

इंदूर.

येळवशीच्या दुसऱ्याच दिवशी तू त्यांना लिहिलं होतंस. माफी मागितली होतीस, आणि मग येळवस म्हणजे काय ते आख्खं समजावून सांगितलं होतंस. कोपीचा फोटो, भज्जीचा फोटो, आंबिलाच्या मडक्याचा फोटो. एका फोटोत मी आहे, पान पुढ्यात, तोंड भरलेलं. त्याखाली तू लिहिलंयस : 'ये मेरा पार्टनर. ये भी उसी दिन गिनती भूल गया था.'

त्यांनी हसल्याची खूण पाठवली होती. मग दोन महिने तुम्ही बोलत होतात. त्यांच्या मिलचा मिस्तरी, त्याची तक्रार, कोणती जाळी लवकर झिजते. मला एक शब्द सांगितला नाहीस. मी वहीत 'हुकलं' लिहून मोकळा झालो होतो, आणि तू ते खोडायला न सांगता गुपचूप निस्तरत होतास. जमलं की दाखवणार होतास बहुतेक. मला तुझा तो चेहरा माहीत आहे.

तू गेलास त्याच्या आदल्या रविवारी लिहिलेलं मी तीनदा वाचलं : 'नाप लेने मेरा पार्टनर आएगा. मैं बोलता ज्यादा हूँ, वो नापता सही है.'

मला आधी राग आला. मला न विचारता. मी कधी कुठं गेलोय? मिस्तरीसमोर बसून पाऊण तास काय बोलायचं असतं? तुला माझं सगळं माहीत होतं, अनोळखी माणसाला फोन करायच्या आधी मी कागदावर वाक्य लिहून घेतो हेसुद्धा. आणि तरी तू शब्द देऊन टाकलास आणि नायगावला निघून गेलास.

त्याखाली त्यांचा निरोप होता, चार दिवसांपूर्वीचा. 'मन्मथजी, कब भेज रहे हैं? सीज़न निकल जाएगा.'

*

तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. शैलाचे दोन फोन आले, "काका, काही लिहिलं का?" चौथ्या दिवशी कागदावर वाक्य लिहून काढलं आणि माझ्या खात्यातून, माझ्या नावानं पाठवलं. मन्मथ गेला. कधी, कुठं. तुमचा निरोप उशिरा पाहिला. काम करायची इच्छा आहे. दुसरीकडून घेतलं असेल तर समजू शकतो.

दहा मिनिटांत फोन वाजला. इंदूरचा नंबर. मी तो चार वेळा वाजू दिला. पाचव्याला उचलला, कारण येळवशीचे तीन आठवले.

ते म्हणाले, "बहुत अच्छे आदमी थे."

"जी."

"मैंने तो उनको देखा भी नहीं. फोटो में आधा चेहरा देखा."

"जी."

"तो अब कौन आएगा?"

कागदावर ह्याचं उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "मैं."

"आप वही हैं ना, जो बोलते नहीं?"

"नापता हूँ."

"आ जाइए," ते म्हणाले. "हमारा मिस्तरी भी नहीं बोलता."

*

काल दुपारी मी गफूरभाईंना म्हणालो, मला ठसा घ्यायला शिकवा. त्यांनी भंगारातली एक जाळी काढून टेबलावर ठेवली. पहिला कागद फाटला. दुसरा फाटला.

"हल्लू, साब. लिखना नहीं है. नुस्ता हात फिराना."

"मन्मथ असाच फिरवायचा?"

"उनो बाता करते करते फिराते थे. हात कू मालूमच नहीं पडता था."

तिसऱ्या कागदावर भोकं उतरली. वेडीवाकडी, पण मोजता येतील अशी. बाकीची आठ माणसं आपापल्या जागी काम करत असल्यासारखी दिसत होती आणि कुणी काम करत नव्हतं. गफूरभाईंनी कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "चलता." मी हात धुवायला गेलो, आणि नळाशी बराच वेळ उभा राहिलो.

इंदूरला जायला मी सोमवारी निघतोय. तुझ्या भक्तीमुळे नव्हे, त्या दिवशी तिकीट मिळालं म्हणून. भीती जशीच्या तशी आहे. ते चौदा जाळ्या घेतील, एक घेतील, किंवा चहा पाजून परत पाठवतील. आपल्यासारख्या नऊ माणसांच्या कारखान्यानं तिथं पैसे घालावेत का, ह्या वादात तू जिंकलास असं मी आज लिहून देणार नाही. तीस नोंदींत गिऱ्हाईक एक, आणि तेही जाहिरातीनं थांबलं नाही, तुझ्या दोन महिन्यांच्या बोलण्यानं थांबलं. मात्र तू कितीही बोलका असलास तरी जाहिरात नसती तर इंदूरला तुझं नाव कळलं नसतं, हेही मला खोडता येत नाही. एवढं मी आधी कबूल केलं नव्हतं. आता करतो. तू समोर असतास तर कदाचित केलं नसतं.

जायच्या आधी औशाला जाऊन येणार आहे. कोप जिथं घालतो तिथून तुझी जागा बावन्न पावलं आहे. तुला तिथं समाधीत बसवलं त्या दिवशी मी मोजली, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

वहीतली पहिली नोंद खोडली. 'हुकलं'च्या जागी अजून काही लिहिलेलं नाही. तेवढी जागा रिकामी ठेवली आहे.

जाहिरातीचे आता पाच दिवस उरलेत. बंद करायला म्हणून बसलो होतो. शैलाला सांगून तुझा फोटो तेवढा तिथून हटवला. माझा लावला नाही. नुसती जाळी आहे. वरचं वाक्य बदलायचं का, म्हणून तिनं विचारलं. मी राहू दे म्हणालो. आता ते रोज तीन राज्यांतल्या माणसांपुढे जातं, आणि मी सकाळी उठून आधी तेच बघतो, कुणी 'या' म्हणालं का. म्हणालं तर मला जावं लागणार आहे.

तुझ्या पिशवीतला कोळसा मी घेतला, मन्मथ. वहिनींना विचारून. अर्धा शिल्लक आहे.